हात न उचललेला पैलवान

(दृश्य: बर्लिन, ऑगस्ट 1936. झेंड्यांनी भरलेले रस्ते.)

बर्लिनच्या रस्त्यांवर स्वस्तिकाचे झेंडे आहेत आणि त्यांच्या जोडीला ऑलिंपिकची पाच वर्तुळं. ज्यू लोकांना हिणवणाऱ्या पाट्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून काढून ठेवल्या आहेत. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, 16 जुलैला, शहरातल्या सिंती आणि रोमा या भटक्या समाजांच्या कुटुंबांना उचलून मार्झानच्या मोकळ्या माळावर नेऊन टाकलंय. शहराच्या उत्तरेला, लोकल गाडीच्या टप्प्यात, झाक्सनहाउझेन नावाची छळछावणी बांधायला घेतली आहे. परदेशी पाहुणे मात्र म्हणतायत, काय शिस्त आहे बुवा!

त्याच ऑगस्टात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवत होतं. आपली माणसंही तो झगमगाट बघत होती.

आणि डॉइचलँडहालेमध्ये, 87 किलोच्या गटात, जर्मनीचा एक पैलवान उतरणार होता. वेर्नर झेलेनबिंडर. वय 32. छातीवर नाझी जर्मनीचं चिन्ह, आणि आत कम्युनिस्ट पक्षाचा पक्का कार्यकर्ता.

(दृश्य: नॉयक्योल्न, कामगार वस्तीची जुनी छायाचित्रं.)

वेर्नरचा जन्म 2 ऑगस्ट 1904चा, बाल्टिकजवळच्या श्टेटिन शहरातला. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील गवंडी. लहानपणीच कुटुंब बर्लिनला आलं. वेर्नर सुतारकाम शिकला, पण पुढे मिळेल ती अंगमेहनत केली, ओझी वाहिली. नॉयक्योल्न म्हणजे कामगारांची वस्ती, आणि तिथल्या क्लबात कुस्ती होती.

कुस्तीचा प्रकार ग्रीको-रोमन. आपल्या तालमीतल्या पोराला ही कुस्ती पहिल्यांदा दाखवली, तर तो डोकं खाजवेल. पट काढायचा नाही. टांग मारायची नाही. कमरेखाली हात नेला की नियमभंग. सगळा कस मान, खांदे आणि पाठीचा. समोरच्याला छातीशी आवळायचं आणि उचलून मागे फेकायचं. हमाली करणाऱ्या अंगाला हा प्रकार मानवला असावा.

त्या काळात जर्मनीत खेळाची दोन वेगळी जगं होती. एक मध्यमवर्गीयांच्या संघटनांचं, दुसरं कामगारांचं. कामगार क्रीडा चळवळीचे लाखो सभासद होते आणि तिचं स्वतःचं ऑलिंपिकही होतं. 1925 साली फ्रँकफुर्टला ते भरलं, घोषवाक्य होतं, ‘पुन्हा युद्ध नको’. पहिल्या महायुद्धाची शिक्षा म्हणून 1920 आणि 1924च्या अधिकृत ऑलिंपिकमध्ये जर्मनांना बोलावलंच नव्हतं. इथे मात्र कालपरवापर्यंत खंदकांत समोरासमोर बसलेल्या देशांचे कामगार एकत्र खेळले. वेर्नर तिथे आखाड्यात होता. 1928 साली मॉस्कोच्या स्पार्टाकियाड या कामगारांच्या क्रीडास्पर्धेत तो जिंकला आणि परत आल्यावर कम्युनिस्ट पक्षात गेला.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं एका रागीट क्षणातून घडलेलं नाही. हा माणूस आधीपासून त्या जगातला होता.

30 जानेवारी 1933ला हिटलर चॅन्सेलर झाला. काही महिन्यांत कामगारांचे क्लब बंद, मैदानं जप्त, पुढारी तुरुंगात. खेळायचं तर सरकारमान्य संघटनेतूनच. वेर्नर खेळला, आणि त्याच वर्षी जर्मनीचा विजेता झाला.

बक्षीस समारंभ. राष्ट्रगीत सुरू झालं. नाझी सलामासाठी सगळ्यांचे उजवे हात वर गेले. त्याचा गेला नाही.

अटक झाली. बर्लिनच्या टेंपेलहोफ भागातल्या कोलंबिया हाउस या गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, कोठडीत त्याला ठेवलं. सुटला तेव्हा सोळा महिन्यांची बंदी पदरात होती: स्पर्धा नाही, सरावही नाही.

बंदी संपल्यावर तो पुन्हा आखाड्यात उतरला, जिंकू लागला, आणि 1936च्या ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. बंदी घातलेल्या कम्युनिस्टाला हिटलरच्या संघात जागा कशी? सरळ कारण आहे. यजमान देशाला पदकं हवी होती, आणि त्या वजनात त्याच्या तोडीचा मल्ल जर्मनीत दुसरा नव्हता.

पण त्याने जायचं का? जगभरातले डावे कार्यकर्ते बहिष्कार मागत होते. बार्सिलोनामध्ये तर पर्यायी लोक-ऑलिंपिकची सगळी तयारी झाली होती. जुलैच्या ऐन मुहूर्तावर स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि ते बारगळलं. भूमिगत साथीदारांचं मत पडलं की वेर्नरने खेळावं. पदक मिळालं तर जगाच्या कॅमेऱ्यांसमोर उभं राहायला मिळेल. तिथे तो नेमकं काय करणार होता, याच्या वेगवेगळ्या कथा आहेत. कुणी सांगतं, हात वर करणार नव्हता. कुणी सांगतं, अचकट हावभाव करणार होता. कुणी म्हणतं, रेडिओच्या मुलाखतीत बोलणार होता. तपशील काहीही असो, त्यासाठी आधी पहिल्या तिघांत येणं भाग होतं.

(दृश्य: डॉइचलँडहाले, 1936.)

पहिलीच कुस्ती लाटव्हियाच्या एडविन्स बिएटाग्सशी. वेर्नर हरला. त्या वेळी पराभवाचे दंडगुण साठत जायचे आणि ठरावीक आकडा गाठला की मल्ल बाद व्हायचा, त्यामुळे एका पराभवाने सगळं संपलं नव्हतं. तो खेळत राहिला. शेवटी सुवर्ण स्वीडनच्या आक्सेल काडिएरला, रौप्य बिएटाग्सला, कांस्य एस्टोनियाच्या आउगुस्ट नेओला. झेलेनबिंडर चौथा.

चौथ्याला कुणी मंचावर बोलवत नाही.

त्याच स्पर्धेत जर्मनीच्याच तलवारबाज हेलेन मायरने रौप्यपदक घेताना नाझी सलाम केला. तिचे वडील ज्यू होते. तिला नावं ठेवणं सोपं आहे. तिच्या जागी उभं राहून बघितलं तर तितकं सोपं वाटत नाही.

झेलेनबिंडरची गोष्ट बहुतेक ठिकाणी याच चौथ्या क्रमांकाभोवती सांगितली जाते. हुकलेलं पदक, न झालेला निषेध, नाट्यच नाट्य. मला ही मांडणी अपुरी वाटते. त्याचं खरं काम पुढच्या पाच-सहा वर्षांत झालं, आणि त्याला प्रेक्षक अजिबात नव्हते.

तो मोठा खेळाडू होता. सहा वेळा जर्मनीचा विजेता, 1937ला पॅरिसमध्ये आणि 1938ला टालिनमध्ये युरोपीय अजिंक्यपदाचं कांस्य. अशा माणसाला पासपोर्ट मिळतो. सीमेवरचा शिपाई त्याची बॅग उचकटण्याऐवजी हात मिळवतो. परदेशातल्या स्पर्धांना जाता-येता वेर्नर प्रतिकार गटांचे निरोप आणि कागद पोचवत होता. पदकाचा जो उपयोग बर्लिनमध्ये करता आला नाही, तो असा झाला.

तो ज्या गटात होता त्याचा म्होरक्या होता रॉबर्ट उरिग, बर्लिनच्या ओसराम या दिव्यांच्या कारखान्यातला हत्यार कारागीर. या गटाची माणसं शहरातल्या कारखान्यांत पसरलेली होती. पत्रकं छापायची, युद्धाच्या खऱ्या बातम्या पोचवायच्या, फरारी माणसांना लपवायचं. गेस्टापोने गटात आपले खबरे पेरले. 4 फेब्रुवारी 1942ला वेर्नरला उचललं. त्याच धरपकडीत शंभराहून अधिक माणसं सापडली.

पुढची अडीच वर्षं तो एका तुरुंगातून दुसऱ्यात, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत राहिला. मार, उपासमार, आजारपण. सप्टेंबर 1944मध्ये लोकन्यायालय म्हणवणाऱ्या नाझी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. 24 ऑक्टोबरला ब्रांडेनबुर्ग-ग्योर्डेनच्या तुरुंगात गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला. उरिगला तिथेच ऑगस्टमध्ये मारलं होतं.

वडिलांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात तो म्हणतो की माणूस जे जे सोसू शकतो ते सगळं सोसून झालंय. युद्धानंतर मित्रांबरोबर आणि खेळातल्या सोबत्यांबरोबर जगायला आवडलं असतं, असंही लिहितो. आणि मग, तुमच्या व खेळावर प्रेम करणाऱ्या अनेकांच्या मनात मला जागा आहे हे मला ठाऊक आहे. शेवटच्या घडीला मी कच खाणार नाही.

(दृश्य: नॉयक्योल्नचं मैदान, आज.)

29 जुलै 1945ला त्याच्या अस्थी नॉयक्योल्नच्या मैदानावर पुरल्या आणि मैदानाला त्याचं नाव दिलं. शहराची फाळणी झाली आणि ते मैदान पश्चिम बर्लिनमध्ये गेलं. शीतयुद्ध तापलं, कम्युनिस्टाचं नाव नकोसं झालं, पाटी उतरवली. पलीकडे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीने उलट टोक गाठलं. गुरांच्या बाजाराच्या जुन्या इमारतीचं झेलेनबिंडर सभागृह केलं, शाळांना आणि रस्त्यांना नाव दिलं, त्याला इतका निष्कलंक करून ठेवला की माणूसच दिसेना. नव्या राज्याचा पुढे प्रमुख झालेला एरिख होनेकर स्वतः ब्रांडेनबुर्गच्याच तुरुंगात होता. ही आठवण त्यांच्या सत्तेच्या कामाची होती. त्या सभागृहात कम्युनिस्ट पक्षाची अधिवेशनं झाली, 1988मध्ये ब्रिटिश बँड डेपेश मोडही वाजला. देश एक झाल्यावर, 2000च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागण्यासाठी, 1993मध्ये ते पाडलं. यजमानपद सिडनीला गेलं.

नॉयक्योल्नच्या मैदानाला त्याचं नाव परत मिळालं ते 2004मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी. 2008मध्ये जर्मन क्रीडा जगताने त्याला आपल्या सन्मान दालनात घेतलं. फुटबॉलचा नामवंत प्रशिक्षक झेप हेरबेर्गरही तिथे आहे. हेरबेर्गर 1933मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता.