स्वमग्नता: चेतापेशींच्या शेजारी काय घडतं?

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर दिसणारी, आपल्या फांद्या हलवत आजूबाजूला चाचपणारी ही पेशी चेतापेशी नाही. ही मायक्रोग्लिया, ग्लिया या पेशींचा एक प्रकार. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि जवळपास तितक्याच इतर पेशी. त्या इतरांत बहुसंख्य ग्लिया, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी. कित्येक दशकं त्यांना नुसता भराव समजलं गेलं, आणि स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या, कारणांचा शोधही चेतापेशींभोवतीच फिरत राहिला.

लहान वयात चेतापेशी एकमेकींशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड बांधतात. पुढे नको असलेल्या जोडांची छाटणी होते. मायक्रोग्लिया हे जोड गिळतात, हे २०११ साली उंदरांच्या पिल्लांमध्ये दिसलं. चेतापेशींकडून मायक्रोग्लियाला मिळणारा एक रासायनिक निरोप तोडला, तेव्हा छाटणी रेंगाळली. असे उंदीर मोठे झाल्यावर इतरांत कमी मिसळतात, हे २०१४ मध्ये समोर आलं.

आणि माणसांत? त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधले जोड मोजले. ऑटिझम नसलेल्यांत बालपणापासून पौगंडावस्था संपेपर्यंत ते जवळपास निम्म्याने घटले होते. ऑटिझम असलेल्यांत घट फक्त १६ टक्के. मात्र इथे सगळा दोष ग्लियावर टाकता येत नाही. चेतापेशींची स्वतःची सफाईयंत्रणाही मंदावलेली आढळली.

त्याआधी, २००५ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या गटाला ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूत, विशेषतः लहान मेंदू (सेरेबेलम) या भागात, चेतलेल्या म्हणजे सक्रिय झालेल्या ग्लिया दिसल्या होत्या. पण हे कारण की परिणाम? मृत्यूनंतरचा मेंदू त्याचं उत्तर देत नाही.

रेट सिंड्रोमची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा ऑटिझमशी नातं सांगणारा, बहुतेक मुलींना होणारा आजार. बिघाड एका जनुकात. उंदरांमध्ये ते जनुक मुख्यतः ॲस्ट्रोसाइट या ग्लियांमध्ये पुन्हा सुरू केलं, तर हालचाल सुधारली, श्वास सुरळीत झाला, आयुष्य वाढलं. मग २०१२ मध्ये निरोगी मायक्रोग्लिया मिळाल्यावरही उंदीर सुधारतात, अशी बातमी आली. पालकांच्या आशा उंचावणारी. २०१५ मध्ये इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला. सुधारणा दिसली नाही. आज ग्लियावर काम करणारं, ऑटिझमसाठी मान्यताप्राप्त असं एकही औषध नाही. कुणी तसा दावा करून उपचार विकत असेल, तर पालकांनी पुरावा मागावा.

आता ऑटिझम असलेल्या व्यक्तीच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून प्रयोगशाळेत तिच्याच जनुकांच्या ग्लिया वाढवता येतात. त्या चेतापेशींशी कशा वागतात, हे जिवंत पेशींमध्येच पाहता येतं.