उतारवयातील सायकलपटू आणि घड्याळाशी शर्यत

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला एके काळी दोन बिरुदे होती: सायकलींचे शहर आणि पेन्शनरांचे शहर. पहिले बिरुद स्कूटर-मोटारसायकलींनी हिरावून घेतले, दुसरे संगणक कंपन्यांनी पुसट केले. तरीही रविवारी पहाटे खडकवासल्याच्या किंवा कात्रजच्या रस्त्याला लागावे, म्हणजे ही दोन्ही बिरुदे एकाच सायकलवर बसून चाललेली दिसतात. पन्नाशी, साठी, क्वचित सत्तरीही ओलांडलेली ही मंडळी हेल्मेट घालून, मागे लाल दिवा लावून, उजाडायच्या आत शहराबाहेर पडतात आणि मिसळ खाऊन ऊन चढायच्या आत घरी परततात. यांतल्या अनेकांच्या मनात एक सुप्त इच्छा असते. आपण एखाद्या स्पर्धेत उतरावे, असे त्यांना वाटते. आणि या वयात हे शोभेल का, झेपेल का, या शंकेने ती इच्छा तिथेच राहते. अशा श्रोत्यांसाठी आज मी टाइम ट्रायल या शर्यतीविषयी बोलणार आहे, कारण माझ्या मते उतारवयातील सायकलपटूला याहून योग्य शर्यत नाही.

या शर्यतीची रीत साधी आहे. स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने, बहुधा एकेका मिनिटाने, एकेक जण सुटतो. ठरलेले अंतर त्याने एकट्याने कापायचे आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजयी. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला राहून वाऱ्यापासून बचाव करणे, ज्याला सायकलस्वार ड्राफ्टिंग म्हणतात, ते येथे निषिद्ध असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मागून कोणी गाठले, तर गाठल्या गेलेल्याने २५ मीटर अंतर राखून चालावे लागते.

आता यात वयाचा संबंध कोठे येतो ते पाहू. घोळक्याच्या शर्यतीत शंभर चाके वीतभर अंतराने धावत असतात, एक घसरला की मागचे दहा कोसळतात, आणि पंचविशीत झटकन भरून येणारे हाड पासष्टीत तितक्या लवकर भरून येत नाही. शिवाय त्या शर्यतीचा निकाल बहुधा शेवटच्या दोन-तीनशे मीटरच्या झेपेवर लागतो, आणि वय सर्वांत आधी हिरावून नेते ती हीच झेप. स्नायूंमध्ये जलद आकुंचन पावणारे आणि संथ आकुंचन पावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. वाढत्या वयात जलद तंतूंची झीज अधिक होते, संथ तंतू त्या मानाने टिकतात. हृदयाची कमाल गती आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही उतरते. मात्र जो नियमित सराव ठेवतो, त्याला त्या उतरलेल्या क्षमतेचा मोठा हिस्सा बराच वेळ सलग वापरता येतो. टाइम ट्रायलला लागते ते नेमके हेच, म्हणजे अर्धा तास किंवा एक तास एकाच नेटाने जोर लावण्याचे सामर्थ्य.

याची साक्ष सर्वोच्च पातळीवरही मिळते. अमेरिकेच्या क्रिस्टिन आर्मस्ट्राँग यांनी २००८, २०१२ आणि २०१६ अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचे सुवर्णपदक जिंकले; रिओमधील तिसरे पदक त्यांच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मिळाले. २००८ च्या बीजिंगमधील याच शर्यतीत फ्रान्सच्या जीनी लाँगो वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी चौथ्या आल्या, कांस्यपदकापासून दोन सेकंदांहूनही कमी अंतराने. आणि रॉबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांची गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक सायकल मंडळात सांगितली गेली पाहिजे. त्यांनी वयाची शंभरी ओलांडल्यावर, २०१२ साली, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २४ किलोमीटर २५० मीटर अंतर कापले आणि दोन वर्षांनी २६ किलोमीटर ९२७ मीटर. या दोन प्रयत्नांच्या दरम्यान त्यांना शास्त्रशुद्ध सराव देऊन शास्त्रज्ञांनी मोजमाप केले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी वाढलेली आढळली. एका माणसावरून सर्वांचा निष्कर्ष काढू नये हे खरे. पण शंभरीनंतरही सरावाला शरीर प्रतिसाद देते, इतके त्यावरून निश्चित दिसते.

पुण्याच्या सायकलस्वाराला चढाचे भारी कौतुक. सिंहगड किती वेळा चढलात, यावर आपल्याकडे माणसाची पत ठरते, आणि मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथाच आहे. उतारवयातील टाइम ट्रायलसाठी मात्र मी घाटाची शिफारस करणार नाही, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. सपाट रस्त्यावर वेग जसजसा वाढतो, तसतसा जवळजवळ सगळा जोर हवा बाजूला सारण्यात खर्च होतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. याची उलट बाजू वयस्कांच्या सोयीची आहे. तरुणपणाच्या तुलनेत शक्ती वीस टक्क्यांनी घटली, तरी सपाटीवरचा वेग केवळ सात-आठ टक्क्यांनी घटतो. तीव्र चढावर वेग मंद असल्याने हवेचा विरोध नगण्य होतो, सगळा झगडा गुरुत्वाकर्षणाशी उरतो, आणि वीस टक्के घटलेली शक्ती म्हणजे जवळजवळ वीस टक्के घटलेला वेग असा रोकडा हिशेब होतो. म्हणजे घाट वयाचा सगळा भार वसूल करतो, आणि सपाट रस्ता त्यातला बराचसा माफ करतो. शिवाय चढलेला घाट उतरावाही लागतो, आणि दमलेल्या माणसाने ओल्या वळणावर ब्रेक दाबणे हा प्रसंग टाळलेलाच बरा.

तेव्हा मार्ग असावा तो थोड्याफार चढउतारांचा, दहा किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परतण्याचा. जाताना चढ असेल तर येताना उतार मिळतो. जाताना वारा समोरून असेल तर येताना पाठीशी येतो. येथे एक बारकावा मात्र ध्यानात घ्यावा. समोरच्या वाऱ्याने गमावलेला वेळ पाठीवरचा वारा पुरता परत करत नाही, कारण संथ गतीच्या टप्प्यात आपण अधिक वेळ घालवलेला असतो. म्हणून समोरून वारा असताना किंवा चढ असताना किंचित अधिक जोर लावावा आणि अनुकूल टप्प्यात तो किंचित सैल करावा, म्हणजे एकंदर वेळ कमी लागतो.

जोर कसा वाटून वापरावा, हा या शर्यतीचा गाभा आहे, आणि येथे वय हा चक्क फायदा ठरतो, असे माझे निरीक्षण आहे. सुरुवातीला उत्साहाच्या भरात पाय हलके वाटतात, दोन मिनिटे वाऱ्यासारखी जातात, आणि पाचव्या मिनिटाला मांड्या जड पडून श्वास फुलू लागतो. तिथून पुढचा सगळा रस्ता ते कर्ज फेडण्यात जातो. वीस किलोमीटरच्या शर्यतीत पहिली तीन मिनिटे मुद्दाम हात राखून चालवावीत, इतकी की आपण फारच हळू जात आहोत अशी शंका यावी. मध्यावर पूर्ण वाक्य बोलता येऊ नये, आणि शेवटच्या चार किलोमीटरसाठी काही शिल्लक असावे. आयुष्यभर पगार महिनाअखेरपर्यंत पुरवलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पंचविशीतल्या मुलाला मात्र प्रशिक्षक वर्षभर तेच सांगत असतो.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण पुण्यातल्या सायकल दुकानांत यावर पुरेशी चर्चा होतच असते. टूर द फ्रान्स या सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या सायकल स्पर्धेत १९८९ साली अखेरच्या दिवशीच्या साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये ग्रेग लेमाँड यांनी लोराँ फिन्याँ यांना मागे टाकले आणि अवघ्या आठ सेकंदांच्या फरकाने संपूर्ण स्पर्धा जिंकली. कोपरे टेकवून पुढे वाकता येईल असे हँडल लेमाँड यांनी तेव्हा लावले होते, आणि त्या दिवसापासून या हँडलांना सुगी आली. तरीही वाऱ्याला होणाऱ्या एकंदर अडथळ्यात सायकलपेक्षा सायकलस्वाराच्या देहाचा वाटा कितीतरी मोठा असतो, हे लक्षात ठेवावे. लाखभर रुपयांच्या चाकांआधी अंगाबरोबर बसणारा सदरा घ्यावा, फडफडणारे जाकीट घरी ठेवावे, खांदे आत ओढावेत. साठीतली कंबर आणि मान मात्र फार वाकत नाही. हँडल इतके खाली नेऊ नये की मांडी पोटाला लागून श्वास कोंडेल, आणि मान वर करून रस्ता पाहणे अशक्य होईल. जी बैठक अर्धा तास टिकते, तीच आपली बैठक.

आता प्रकृतीविषयी, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे. स्पर्धेचा सराव सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी, शक्यतो श्रम करताना काढलेल्या आलेखासह, करून घ्यावी. छातीत दडपण, अवचित चक्कर किंवा ठोक्यांतील अनियमितपणा जाणवला, तर सायकल बाजूला लावून डॉक्टर गाठावा. दीर्घकाळ कसून सराव करणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूंमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक विकार अधिक आढळतो, म्हणून मी तर चांगला तंदुरुस्त आहे, हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. २२० मधून वय वजा करून हृदयाची कमाल गती काढण्याचा प्रघात आहे. साठ वर्षांच्या माणसासाठी ती १६० येते, पण प्रत्यक्षात व्यक्तीव्यक्तीत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील औषध चालू असेल, तर ते हृदयाची गती मुळातच दाबून ठेवते, आणि मनगटावरच्या घड्याळातला आकडा मार्गदर्शनास निरुपयोगी ठरतो. अशा वेळी श्वास आणि पायांची जाणीव यांवर किंवा पायांनी लावलेली शक्ती मोजणारे पॉवर मीटर असल्यास त्यावर विसंबावे.

औषधांची आणखी एक बाजू फारशी कोणाला माहीत नसते. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची औषधे आणि मधुमेहासाठीचे इन्सुलिन, ही दोन्ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. उपचारासाठी ती घेणाऱ्याला रीतसर सवलत मागता येते. पण अधिकृत स्पर्धेत उतरायचे असेल तर ती मागावी लागते, आणि औषध आपल्या मनाने बंद करणे हा तर त्यावरचा उपाय मुळीच नव्हे.

सायकल चालवताना शरीराचा भार खोगिरावर असतो, त्यामुळे हाडांना चालण्या-धावण्यासारखा ताण मिळत नाही. वर्षानुवर्षे केवळ सायकलच चालवणाऱ्यांची हाडे अपेक्षेपेक्षा विरळ आढळतात. आठवड्यातून दोनदा वजने उचलावीत, जिने चढावेत. कसून सराव आठवड्यातून दोनच दिवस करावा आणि त्यांच्यामध्ये किमान दोन दिवस सोडावेत. शर्यतीपूर्वी वीस मिनिटे तरी अंग गरम करावे, विशेषतः आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे.

डिसेंबरच्या पहाटेवरून आठवले. थंड हवा दाट असते. दहा अंशांची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के जड असते, आणि तोच माणूस तेवढ्याच जोराने चालवून हिवाळ्यात दोनेक टक्के हळू जातो. तेव्हा मे महिन्यातल्या आपल्या वेळेशी डिसेंबरातली वेळ ताडून कोणी म्हातारपण आले म्हणून हळहळू नये.

शेवटचा मुद्दा निकालाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी पाच किंवा दहा वर्षांचे वयोगट करून पदके वाटली जातात. त्यात पन्नास वर्षांचा आणि एकोणसाठ वर्षांचा एकाच पंगतीला बसतात, आणि एरवी वय लपवणारी माणसे पुढच्या गटात जाण्यासाठी वाढदिवसाची आतुरतेने वाट पाहतात. इंग्लंडात याहून न्याय्य रीत आहे. टाइम ट्रायल हा प्रकार तेथे मुरलेला आहे. रस्त्यावरील घोळक्याच्या शर्यतींवर बंदी आल्यावर फ्रेडरिक बिडलेक यांनी ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची अशी शर्यत भरवली, आणि पुढे कित्येक वर्षे स्पर्धक काळे कपडे घालून भल्या पहाटे, केवळ सांकेतिक क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या मार्गांवर धावत असत. तेथील चाळिशीपुढच्या सायकलपटूंची व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशन प्रत्येक वयासाठी आणि प्रत्येक अंतरासाठी एक प्रमाणवेळ ठरवते, स्त्रियांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी. आपल्या वयाच्या प्रमाणवेळेपेक्षा कोण किती सरस ठरला, त्यावर क्रम लागतो. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाची प्रमाणवेळ ३४ मिनिटे आणि अडुसष्ट वर्षांच्या पुरुषाची ३९ मिनिटे आहे. पहिल्याने ३१ मिनिटे घेतली, दुसऱ्याने ३५. रस्त्यावर पहिला चार मिनिटांनी पुढे राहिला. परंतु प्रमाणवेळेपेक्षा तो तीन मिनिटांनी सरस, तर दुसरा चार मिनिटांनी, म्हणून विजयी दुसरा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल दिले आहेत.

ही रीत पुण्यात रुजायला हरकत नाही. डेक्कन क्लिफहँगर ही पुण्याहून गोव्याला जाणारी साडेसहाशे किलोमीटरची शर्यत मुळात घड्याळाशीच असते, त्यामुळे हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. मात्र इंग्लंडातल्या प्रमाणवेळा उचलून येथे लावता येणार नाहीत, कारण आपले रस्ते, गतिरोधक आणि हवा निराळी. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या पुण्याची हवा मुंबईपेक्षाही पाचेक टक्के विरळ आहे. आपल्या प्रमाणवेळा आपणच तयार केल्या पाहिजेत. त्यासाठी शहरातील सायकल मंडळांनी मिळून वर्दळ कमी असलेला एक मार्ग निश्चित करावा, पोलिसांची परवानगी घ्यावी, वळणाच्या जागी आणि प्रत्येक फाट्यावर शिटी घेऊन स्वयंसेवक उभे करावेत, आणि दर महिन्याच्या एका रविवारी, पावसाळ्याचे महिने वगळून, तीच वीस किलोमीटरची शर्यत घ्यावी. प्रत्येकाची वेळ, वय, त्या दिवशीचे तापमान आणि वाऱ्याची दिशा एका वहीत नोंदवावी. तीन-चार वर्षांत त्या वहीतून प्रत्येक वयाची पुणेरी प्रमाणवेळ काढता येईल, आणि तोवर वयोगटांवर काम भागवावे.

नमस्कार.