निक ड्रेकचे हात

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा विषय निघाला की गाडी थेट त्याच्या मृत्यूवर येते. 25 नोव्हेंबर 1974, वय अवघं 26. पण बोलणं तिथेच अडकलं, तर हा माणूस गिटारवर काय करत होता ते ऐकायचंच राहून जातं. आज त्याचे हात ऐकू.

ओळख थोडक्यात. जन्म 1948, रंगून; वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर. लहानाचा मोठा झाला इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी. शिक्षण केंब्रिजला, तेही पदवीआधीच सोडलेलं. 1969 ते 1972 या काळात तीन अल्बम आले. त्याच्या हयातीत एकाचाही फारसा खप झाला नाही.

आता गिटार घ्या. 'पिंक मून' या गाण्यासाठी सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत सूर असे लावायचे: सी, जी, सी, एफ, सी, ई. म्हणजे सहावी तार नेहमीच्या ईपासून चार अर्धस्वर खाली, पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन खाली, दुसरी एक वर, पहिली आहे तिथेच. सीला षड्ज धरलं तर सा, प, सा, म, सा, ग. मोकळ्या तारा छेडल्या की मध्यम आणि गंधार एकदम वाजतात, आणि सूर अधांतरी राहतो. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्टीपाशी) दाबा. मध्यमाचा पंचम होतो आणि सगळं जागेवर बसतं. बोट उचललं की पुन्हा अधांतरी. एका बोटाचा खेळ, पण गाण्याचा सगळा रंग त्याने बदलतो.

यात फसायला होतं ते सहाव्या तारेपाशी. 12 ते 53 जाडीच्या (इंचाच्या हजारांशात) संचातली ही तार इतकी उतरवली की सैल पडते. जोरात छेडली तर फ्रेटवर खरखरते, शिवाय सूर आधी चढा निघतो आणि मग खाली येतो. तिथे 56 ची तार लावा. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावल्यावर सगळ्या तारा पुन्हा मिळवा, कारण सैल तार कॅपोच्या दाबाने चढते.

बऱ्याच गाण्यांना वेगवेगळं ट्यूनिंग हवं असल्याने मंचावर त्याची पंचाईत व्हायची. दोन गाण्यांमध्ये तो तारा जुळवत बसे, बोलत नसे, आणि श्रोते गप्पांना लागत. एखादी जादा गिटार जवळ असती तर निम्मा प्रश्न सुटला असता, असं मला वाटतं.

'रिव्हर मॅन' पाच मात्रांचं. झपतालाच्या दहा मात्रा ज्यांच्या कानात आहेत त्यांना ते जड जाणार नाही. गिटार पाचाचं चक्र जराही न हलवता फिरवत राहते आणि गळा त्यावर रेंगाळत, मागाहून येतो. दोन्ही कामं एकाच माणसाची! व्हायोलिन-चेलोची रचना हॅरी रॉबिन्सनची, आणि ड्रेक त्या वादकांसोबत एकाच वेळी गायला-वाजवला.

'पिंक मून' अल्बम ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत झाला. स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुड आणि ड्रेक, दोघेच. आवाज, गिटार आणि शीर्षकगीतात नंतर भरलेली पियानोची एक ओळ. अकरा गाणी, जेमतेम 28 मिनिटं. ऐकायची सुरुवात इथून करा. हेडफोन लावा, पहिल्या फेरीत शब्द सोडून द्या आणि फक्त अंगठ्याने वाजणाऱ्या खालच्या तारा धरून चला.