काकांची गोळी उलटली नव्हती, तपासणी राहिली होती

राम राम मंडळी.

(फाईल हातात धरून) ही माझ्या काकांची फाईल. त्यांना हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू, होता. सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर, बारा आठवड्यांचा कोर्स. या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवाहून जास्त पेशंट बरे होतात. काकांचाही कोर्स संपत आला, रक्तातला सी दिसेनासा झाला आणि नेमके तेव्हाच डोळे पिवळे झाले. गावात सगळे म्हणाले, गोळी उलटली. काकूनं गळ्यात काविळीची माळ बांधली.

गोळी उलटली नव्हती. काकांच्या अंगात हिपॅटायटिस बी आधीपासून होता, आणि कोर्स सुरू करताना तो कुणी तपासलाच नव्हता.

हे नीट समजून घ्या. बी आणि सी दोन्ही रक्तातून पसरतात. वापरलेली सुई, दाढीचं ब्लेड, न तपासलेलं रक्त. वाट एकच, म्हणून एकाच माणसाच्या लिव्हरमध्ये दोघंही सापडतात. तसं झालं की बहुतेक वेळा सी हा बी ला दाबून ठेवतो. धुऱ्यावरच्या मोठ्या बाभळीखाली तण खुरटलेलं असतं ना? बाभूळ तोडली की ऊन लागतं आणि तेच तण उसळतं. सी गेला की बी असाच उसळतो. कधी लिव्हर निकामी होण्यापर्यंत वेळ येते. म्हणून 2016 साली अमेरिकेच्या औषध नियामकानं या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला : आधी बी तपासा.

तपासणी साधी आहे, नाव एचबीएसएजी. पॉझिटिव्ह आली तर सी च्या कोर्ससोबत बी ची गोळीही देता येते. निगेटिव्ह असली तरी बी पूर्वी होऊन गेलेला असू शकतो. ते अँटी-एचबी-कोअर या तपासणीत कळतं, आणि मग एसजीपीटीवर, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीवर, लक्ष ठेवावं लागतं.

आता एचआयव्ही. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या गोळीतली टेनोफोवीर आणि लॅमिवुडीन ही दोन औषधं बी वरही चालतात. एका गोळीत दोन कामं! पण म्हणूनच ती मधेच सोडणं जास्त धोक्याचं. कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेली आपली पोरं दोन-दोन महिने गोळी चुकवतात. एचआयव्ही वाढतोच, सोबत बी पण उठतो. जाताना गोळ्या जास्तीच्या मागून घ्या, किंवा तिथल्या केंद्रात नाव लावा. लाजू नका रे.

उलटंही होतं. नुसत्या बी साठी एंटेकावीर सुरू केलं आणि एचआयव्ही तपासलाच नसेल, तर लपलेला एचआयव्ही लॅमिवुडीनला दाद न देणारा होऊ शकतो. मग पुढचा इलाज अवघड.

हिपॅटायटिस डी नावाचा आणखी एक विषाणू बी शिवाय जगत नाही, बी चंच कवच पांघरतो. टेनोफोवीर त्याच्यावर चालत नाही. बी ची लस घेतली तर डी ही टळतो.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेलच्या घरांना माझं खास सांगणं. लेकराला वरचेवर रक्त चढवावं लागत असेल, तर बी, सी आणि एचआयव्ही तिन्हींची तपासणी मागा. बी ची लस झाली का तेही विचारा.

28 जुलै 2018 पासून व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी आणि सी ची तपासणी, औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आशाताईंना विचारा.

काका आता रोज रात्री जेवणानंतर टेनोफोवीर घेतात. या गोळीवर किडनीही तपासत राहावी लागते, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा रक्त द्यायचं आहे. पऱ्हाटीची वेचणी एक दिवस थांबेल. मी सोबत जातोय.