पहिल्या आठवड्यात कशासाठी थांबायचं?

(इंदूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ब्लड कॅन्सर म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणती स्टेज?’ घर रामबागेतलं असो की लोकमान्य नगरातलं, तोवर एखादा भाचा मोबाइलवर मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसची तत्काळ तिकिटं बघत असतो. आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलतो.

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाला, म्हणजे एएमएलला, स्टेज नसते. तो एका जागी गाठ करून मग पसरत नाही. बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं त्या मगजात सुरू होतो, आणि रक्त तर अंगभर फिरतंच. म्हणून विचारायचं ते हे, की पेशींच्या जनुकांत काय बदललंय? हे बदल बहुतेकांत वयाबरोबर घडलेले असतात, आईबापांकडून आलेले नसतात. तेव्हा ‘आमच्या खानदानात तर कुणाला नव्हतं’ हे वाक्य मनातून काढून टाका.

आता घाई कुठे करायची ते सांगतो. एएमएलचा एक प्रकार आहे, एपीएल. त्यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात, पीएमएल-रारा हे नवं जोडजनुक तयार होतं आणि पेशी अर्धवट वाढून तिथेच अडकतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि कधी मेंदूत रक्तस्राव. यात माणूस जातो तो पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने. शांघायच्या डॉ. वांग झेन्यी यांनी १९८५ साली अ जीवनसत्त्वाशी नातं असलेलं एट्रा हे औषध अशा रुग्णाला दिलं. त्याने अडकलेल्या पेशी मरत नाहीत, वाढ पूर्ण करून मोठ्या होतात! पुढे हार्बिनच्या डॉक्टरांच्या कामातून त्याला जोड मिळाली सोमलाची. हो, तोच सोमल, आर्सेनिक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नव्हत्या अशा रुग्णांना केमोशिवाय ही दोनच औषधं दिली, आणि दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता हयात होते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच बघताना एपीएलचा नुसता संशय आला तरी एट्रा त्याच दिवशी सुरू करायचं, जनुकांचा रिपोर्ट मागून येऊ द्या. आणि अशा माणसाला रात्रभराच्या गाडीत बसवू नका. मुंबईला जायचं असेल तर रक्तस्राव आटोक्यात आल्यावर जा.

बाकी एएमएलमध्ये चित्र उलट आहे, तिथे जनुकांच्या रिपोर्टसाठी थोडं थांबणं परवडतं. १९७३पासून केमोची ठरलेली पद्धत म्हणजे सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन. पण जवळपास एक चतुर्थांश रुग्णांत एफएलटी-३ या जनुकाचा एक तुकडा दुबार लिहिला जातो. मग पेशीला वाढायला सांगणारं बटण दाबलेलंच राहतं. अशांना केमोबरोबर ते बटण रोखणारं मिडोस्टॉरिन देतात. त्याच्या मोठ्या चाचणीत चार वर्षांनंतर ५१ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोत ४४. वर्तमानपत्रं याला क्रांती म्हणतात. मी म्हणेन, शंभरात सात माणसं जास्त घरी गेली, आणि ती सात कमी नाहीत. हे औषध केमोच्या आठव्या दिवशी सुरू होतं, त्यामुळे रिपोर्ट तोवर हातात हवा. एफएलटी-३ची साधी पीसीआर तपासणी काही दिवसांत होते. अनेक जनुकं एकदम तपासणाऱ्या पूर्ण पॅनेलला वेळ लागतो.

ज्यांना कडक केमो झेपणार नाही, अशा वयस्कर रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांना अ‍ॅझासिटिडिन या सौम्य केमोबरोबर व्हेनेटोक्लॅक्स देतात. पण आयडीएच-१ हे जनुक बिघडलेलं असेल, म्हणजे दहांत एखाद्याहूनही कमी जणांत, तर व्हेनेटोक्लॅक्सऐवजी आयव्होसिडेनिब जोडल्याने चाचणीत मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) नुसत्या अ‍ॅझासिटिडिनच्या ७.९ महिन्यांवरून २४ महिन्यांवर गेलं. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या पेशी आटोक्यात असलेल्या रुग्णांनी रिपोर्टसाठी आठवडाभर वाट पाहिली तरी नुकसान झालं नाही, हे अमेरिकेतल्या बीट एएमएल चाचणीत दिसलंय. सगळ्यांच्या नशिबी असं औषध नसतं, हेही सांगायला हवं. टीपी-५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर आजही आमचे हात बांधलेले आहेत.

आणि नमुना! मॅरो पहिल्या औषधाआधी काढलेला हवा. गुणसूत्रांच्या तपासणीला जिवंत पेशी लागतात, म्हणून तो नमुना हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये. जनुकांसाठी ईडीटीएची वेगळी ट्यूब. ‘दोन्ही पाठवल्या ना?’ एवढं विचारा, डॉक्टर रागावणार नाहीत. ट्यूब कुरियरने मुंबईला जाते, तिच्यासोबत रुग्णाने जायची गरज नसते.

आजार उलटला तर ही तपासणी परत करायची. जुन्या फाइलवर विसंबू नका, कारण एफएलटी-३चा बदल मधल्या काळात नाहीसा होतो किंवा नव्याने उगवतो. तो सापडला तर गिल्टेरिटिनिब देता येतं. चाचणीत त्यावर मध्यम आयुर्मान ९.३ महिने होतं, केमोवर ५.६. हे थोडकेच महिने बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत पोचायला वापरायचे असतात, आणि दाता शोधण्यातच ते खर्च होतात. म्हणून भावंडांची एचएलए, म्हणजे दाता जुळतो का ते बघणारी, तपासणी पहिल्याच महिन्यात करून ठेवा. ती गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही होते, तेव्हा पुण्याच्या बहिणीला त्यासाठी इंदूरला बोलवायला नको.