गुरुवारी शेवटचा, शुक्रवारी सुवर्ण

नमस्कार श्रोतेहो. वडोदऱ्यात होडी म्हटलं की सूरसागरातली फेरी आठवते. विश्वामित्रीत वल्हं मारायचं कोणाच्या मनात येत नाही, तिथे मगरींचं राज्य. आज मात्र वल्ह्यांविषयीच बोलायचंय, रोइंगच्या शर्यतीविषयी. अंतर २००० मीटर, सहा नौकांसाठी सहा सरळ पट्ट्या, आणि खेळाडूची पाठ अंतिम रेषेकडे. मागे पडलेले त्याला दिसतात, पुढे गेलेले दिसत नाहीत.

एकेरीची नौका आठ मीटरांहून थोडी लांब आणि जेमतेम फूटभर रुंद. वजन किमान १४ किलो, म्हणजे सिंगतेलाच्या १५ किलोच्या डब्याहूनही हलकी. दोन हातांत दोन वल्ही, बैठक सरकत्या सीटवर. जोर आधी पायांचा, मग पाठीचा, हात सर्वांत शेवटी. पुन्हा सांगतो: पाय, पाठ, हात. जिममध्ये याचंच यंत्र असतं. बहुतेक मंडळी त्याचा दांडा नुसत्या हातांनी ओढतात, दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसतात आणि नावं ठेवतात यंत्राला. असो. पातं पाण्यात चुकीच्या कोनात शिरलं की पाणी ते सोडत नाही, दांडा थेट पोटात बसतो आणि नौका अडते. खेळाडू याला 'क्रॅब' म्हणतात. म्हणजे खेकड्याने वल्हं धरलं!

आता दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही त्याचं गाव, पाण्याचं दुर्भिक्ष असलेलं. वडिलांबरोबर विहिरी खणणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि वल्हं त्याने तिथेच हाती धरलं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या एकेरीत उतरला. पहिल्या फेरीत वेळ ७ मिनिटं २१ सेकंद, शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटं ५४ सेकंद. आठवडाभरात माणूस सत्तावीस सेकंदांनी वेगवान झाला का? नाही हो, वारा बदलला. पहिल्या दिवशी तलाव इतका खवळला होता की सर्बियाची एक जोडी नौकेसकट उलटली, आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यती रद्दच झाल्या. म्हणून रोइंगमध्ये घड्याळापेक्षा क्रमांक बघायचा. पण क्रमांकही नीट वाचावा लागतो. दत्तू शेवटची शर्यत जिंकला आणि ठरला तेरावा. कारण ती 'क' गटाची अंतिम शर्यत होती: 'अ' मध्ये पहिले सहा, 'ब' मध्ये सातवा ते बारावा, 'क' मध्ये तेराव्यापासून पुढे. आपल्याकडच्या बातम्यांत एवढं कोण समजावतो? 'पदक हुकलं' म्हणून मोकळे.

आणि आता मला जे सांगायचंय ते. २०१८ ची आशियाई स्पर्धा, पालेम्बांगमधला जाकाबारिंग तलाव. २३ ऑगस्ट, गुरुवार. एकेरीची अंतिम शर्यत आणि दत्तूच्या अंगात ताप. सुरुवातीला प्रत्येक जण मिनिटाला चाळीसच्या आसपास वल्ही मारतो, मग पस्तीसच्या आगेमागे स्थिरावतो. तापात हृदयाचे ठोके आधीच चढलेले, अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, त्यात विषुववृत्ताजवळची दमट हवा. अशा माणसाने सुरुवातीला जे खर्च केलं ते पुढे भरून निघत नाही. मांड्या दगड होतात, सीट सरकेनाशी होते, आणि पाय गेले की हातांच्या जोरावर नौका पळत नाही. पाय, पाठ, हात, हे मघाशी म्हटलंच. एकेरीत भार वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतं. दत्तू सहावा आला, सहांत सहावा. आठ मिनिटं उलटून गेली होती. त्याच दिवशी दुहेरीत सवर्ण सिंग आणि ओम प्रकाश हेही पदकाविना परतले.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, हेच तिघे पुन्हा नौकेत बसले. चौथा सुखमीत सिंग. चौघेही सैन्यातले. प्रकार चौघांचा, प्रत्येकाला दोन, एकूण आठ वल्ही. नौकेचं किमान वजन ५२ किलो, म्हणजे माणशी १३. ओझं वाटलं जातं खरं, पण इथे दुखणं वेगळं. आठही पाती एकाच क्षणी पाण्यात शिरायला हवीत आणि एकाच क्षणी बाहेर यायला हवीत. एकाचं जरा उशिरा पडलं की त्याचा ब्रेक होतो आणि उरलेले तिघे तो ब्रेक ओढत बसतात. हुकूम द्यायला सुकाणूवाला नसतो. दिशासुद्धा चौघांपैकी एकजण पायाने सांभाळतो: बूट वळवला की तार ओढली जाते आणि सुकाणू फिरतं.

तर शुक्रवारी ही आठ पाती एकत्र पडली. वेळ ६ मिनिटं १७.१३ सेकंद. यजमान इंडोनेशिया तीन सेकंदांहून जास्त मागे, थायलंड त्याच्याही मागे. सुवर्ण भारताचं. आदल्या दिवशी एकेरीत शेवटचा आलेला दत्तू चोवीस तासांत सुवर्ण घेऊन काठावर उतरला.

आमचीही वेळ संपली, श्रोतेहो. नमस्कार.