बर्फातली बोटं

(ससून डॉक, पहाट. मासळीच्या लिलावाचा गलका. बर्फाचा चुरा.)

ही मावशी. त्यांच्या बोटांकडे बघा. आधी पांढरीफटक, मग निळी. पाटी ठेवून पदरात धरली, की लालबुंद. झिणझिण्या वेगळ्याच.

मुंबईत थंडी ती कसली? पण बर्फ आहे, फ्रिज आहे, एसी लोकल आहे. रेनॉडला, म्हणजे गारव्यानं बोटांचा रंग बदलण्याच्या या त्रासाला, तेवढं पुरतं. गारव्यानं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं. मावशींची मात्र बोटं सुजली, कातडी ताठली, अंगठी उतरेना, टोकाला जखम झाली. "बर्फाचा धंदा, बोटं अशीच व्हायची," म्हणत काही वर्षं गेली. आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा: कातडी ताठ करणारा, आतल्या अवयवांनाही धरू शकणारा.

(परळ, रुग्णालय. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब. पडद्यावर केशवाहिन्या.)

सुई नाही, दुखणं नाही. निरोगी बोटात या केशवाहिन्या केसांतल्या आकड्यांसारख्या ओळीनं उभ्या असतात. मावशींच्या बघा: इथे फुगलेली, इथे रक्ताचा ठिपका, इथे नुसतीच मोकळी जागा. आम्ही हे पडद्यावर तीनदा मागे नेऊन बघितलं. नखाशी जे दिसतं, तसंच काहीसं आत फुप्फुसांत, मूत्रपिंडांत चालू असू शकतं.

(नळीत फुंकर. "जोरात, मावशी! अजून, अजून!")

फुप्फुसं आखडतायत का, ते इथे कळतं. जोडीला सीटी स्कॅन, कारण सुरुवातीला साधा एक्स-रे साफ येऊ शकतो. फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढल्याची शंका इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, येते. जिन्यावरची धाप वयावर ढकलायची नाही.

(घर. देव्हाऱ्याशेजारी बीपीचं मशीन, शाळेची जुनी वही.)

मशीन लेकीनं आणलं. आमच्या मते घरातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, कातडी झपाट्यानं ताठत असेल तर, बीपी अचानक चढू शकतं. वरचा आकडा नेहमीपेक्षा ३०नं वाढला, की १४०ची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वेळेत पोचलं, तर कॅप्टोप्रिलसारखी बीपीची औषधं ती वाचवू शकतात. आणि सांधे दुखतात म्हणून मनानं स्टेरॉइड? अजिबात नाही. मोठ्या डोसनं हेच संकट ओढवू शकतं.

(पट्टा फुगतो. शांतता.)

११२, ७४. लेक लिहून घेते. मावशी लोकरीच्या हातमोज्यांवर रबरी चढवतात आणि पाटीकडे वळतात.